झऱ्यातलं कुंकू

सत्यासाठी अखेरपर्यंत ताठ उभी राहणारी माणसं आयुष्यात फार थोडी भेटतात. मला एकच गृहस्थ भेटले. ते माझे घरमालक होते, आणि त्यांच्या ताठपणाचं निम्मं श्रेय कंबरेच्या एका जुन्या दुखण्याला द्यावं लागेल. त्यांना वाकता येत नसे. उरलेल्या निम्म्याबद्दल हे लिहितो आहे.

लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, आणि कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठच्या एका गावात मास्तर म्हणून माझी बदली झाली होती. खोली बघायला गेलो तेव्हा मालक पडवीत एका पितळी तपेल्यासमोर बसून पाणी उकळताना बघत होते. स्वयंपाकाची तयारी दिसत नव्हती, चहाचं भांडं दिसत नव्हतं. ते फक्त पाणी उकळत होते.

"मंडळी आहेत का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नाही. अजून लग्न व्हायचंय."

"मी बायकोचं विचारत नाही. तांब्या दाखवा."

प्रवासातला तांब्या माझ्या हातात होता. त्यांनी तो उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि परत दिला. "आहेत," ते म्हणाले. "पुष्कळ आहेत. पण ती सगळ्यांकडेच असतात. खोली देतो."

पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना ते मंडळी म्हणत. त्यांची सगळी नोकरी मुंबईला एका सरकारी प्रयोगशाळेत या मंडळींची विचारपूस करण्यात गेली होती. सुरुवातीला त्यांच्याकडे चौपाटीची वाळू बाटल्यांत भरून आणायचं काम होतं. संध्याकाळी समुद्राची हवा खायला आलेले लोक कोट-टोपी घातलेल्या या माणसाला वाळू चोरताना पाहत आणि मुलांना जवळ ओढून घेत. समुद्राच्या पाण्यापेक्षा किनाऱ्याच्या वाळूत जास्त घाण सापडते, असा अहवाल त्यांनी साहेबाला दिला. साहेबानं त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला. सरकारनं या विषयात केलेलं हे एकमेव काम, असं मालक म्हणत.

"पाणी वाहून जातं, मास्तर," ते मला सांगत. "पाणी विसरतं. वाळू विसरत नाही. तिच्यावर काल कोण बसलं होतं ते तिला आठवड्यानंही ठाऊक असतं."

गावात त्यांना उकळे म्हणत. टपालवाल्याला ते आडनावच वाटे, आणि 'रा. रा. उकळे यांसी' अशा पत्त्याची पत्रंही येऊ लागली होती. मालकांनी दुरुस्ती केली नाही. निदान लोकांना काय करायचं ते तरी कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिंदूंच्या चालीरीतींपैकी नमस्कार त्यांना मान्य होता. त्यात कुणी कुणाला शिवत नाही, म्हणून ते त्याला आपल्या लोकांचा सर्वांत मोठा शास्त्रीय शोध मानत. पाया पडणं मात्र त्यांना चालत नसे. कुणी वाकायला लागलं की ते दोन पावलं मागं सरत, त्यामुळे लग्नकार्यात नवरानवरी त्यांच्या मागं अंगणभर फिरताना मी पाहिली आहेत. सत्यनारायणाला ते बोलावणं आलं की जात, तीर्थ तळहातावर घेत, हात तोंडाजवळ नेत आणि तसाच पुढं डोक्यावरून फिरवत मानेवर उपडा करीत. पूजेहून परतले की त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू ओली असे.

ते एकटे राहत. ती चौकशी मी एकदाच केली. सूक्ष्मदर्शकाचं भिंग ते मऊ फडक्यानं पुसत होते. पत्नीचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला होतं. ती उन्हाळ्यात माहेरी गेली. नदी कोरडी होती, म्हणून वाळूत झरा उकरला होता. पाणी आरशासारखं होतं.

"आमच्या मंडळींना या मंडळींनीच नेलं," ते म्हणाले आणि भिंग उजेडाकडे धरून अजून डाग आहे का ते पाहू लागले.

तो सूक्ष्मदर्शक गावानं एकदा पाहिला होता. पाटलांनी स्वतः येऊन एक डोळा मिटून नदीच्या पाण्याचा थेंब बराच वेळ बघितला.

"लय वळवळ हाय गड्या," पाटील म्हणाले. "हीच का ती मानसं मारनारी?"

"नाही. ही निरुपद्रवी आहेत. जी मारतात ती या यंत्रात दिसत नाहीत."

"मंग ही कशापायी दाखवली?"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं, एवढं कळावं म्हणून."

पाटलांनी डोळा चोळला. "म्हंजे ती दिसत न्हाईत, पर हायती. आन देव दिसत न्हाई, म्हनून न्हाई. व्हय?"

मालक विचारात पडले. अख्ख्या नोकरीत त्यांना इतकं नेमकं कुणी विचारलं नसावं. "देव उकळून मरत नाही," ते शेवटी म्हणाले. "त्यामुळे तपासता येत नाही."

पाटलांना हे उत्तर फार पटलं. देवाच्या बाजूनं पटलं.

आमच्या गावाजवळ कृष्णा उन्हाळ्यात पलीकडच्या काठाला सरके आणि अलीकडे वाळूचं मोठं मैदान उघडं पडे. धारेत म्हशी डुंबत, म्हणून पिण्याचं पाणी वाळूत हातभर खोल झरा उकरून घेत. असे झरे दोन होते. घाटासमोरचा झरा गावाचा. त्याच्या वरच्या अंगाला बाभळींचं एक बन होतं, आणि आडोसा चांगला म्हणून सकाळी सगळा गाव टमरेल घेऊन तिथंच जाई. खाली खडकापलीकडचा झरा महारवाड्याचा. तिकडची वाळू विटाळाची, म्हणून गावातलं कुणी तिथं बसायलासुद्धा जात नसे, आणि महारवाड्यातले लोक लांब माळावर जात. विटाळाच्या भीतीनं तेवढी वाळू स्वच्छ राहिली होती.

मालकांनी हे सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. वाळू पाणी गाळते, पण त्यासाठी तिला अंतर लागतं, दहा पावलांत ती काही करू शकत नाही, असं ते दारोदार सांगत. लोक ऐकून घेत आणि त्यांच्या मळ्यात यंदा काय लावलंय ते विचारत.

त्या चैत्रात खालच्या अंगाच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. तालुक्याहून एक माणूस सायकलवरून आला, त्यानं दवंडी पिटवली आणि आमच्या गावविहिरीत लाल औषध टाकलं. विहीर गुलाबी झाली. त्या दिवसापासून तिचं पाणी कुणी प्यायलं नाही. ते औषध प्यायलं की पोरं होत नाहीत, असं काहींचं म्हणणं होतं. ते प्यायलं की माणूस आपण होऊन पलटणीत नाव घालतो, असं बाकीच्यांचं. विहिरीवर जाणारेसुद्धा झऱ्यावर येऊ लागले आणि बाभळीच्या बनाखाली रांग लागली.

मालकांनी यातून धडा घेतला. औषध टाकावं, पण सांगू नये, आणि रंग दिसणार नाही इतकंच टाकावं. मुंबईहून येताना आणलेला त्याच औषधाचा एक डबा त्यांच्या ट्रंकेत होता. पोटॅश परमँगनेटचे खडे, काळेजांभळे, दाणेदार साखरेसारखे. पहाट फुटायच्या आधी ते काठी टेकत नदीवर गेले आणि दोन्ही झऱ्यांत एकेक चिमूट सोडून आले. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानं सोडली. अंधार होता. पाण्यात रंग दिसला नाही, म्हणून तो नाही असं त्यांनी धरलं. दिसत नाही म्हणजे नसतं असं नाही, हे गावाला शिकवणाऱ्या माणसानं ही चूक केली.

उजाडलं तेव्हा पाटलीणबाई घागर घेऊन झऱ्यावर वाकल्या आणि तशाच मागं सरून ओरडल्या, "आगं बया! किस्नाबाईनं कुकू सांडलं!"

मी शाळेची घंटा द्यायला निघालो होतो. शाळा त्या दिवशी भरली नाही. सगळा गाव वाळूत उतरला होता. पटकीच्या मरीआईला अडवायला कृष्णाबाई स्वतः कुंकू लावून बसली, हे कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. मी पोचलो तेव्हा ते ठरलेलं होतं. जे पाणी विहिरीत असताना पोरं होऊ देत नव्हतं, तेच आता लोक ओंजळीनं पीत होते.

पण ऊन चढलं तसं गावाच्या झऱ्यातलं कुंकू मळकट झालं आणि मग गढूळ चहासारखं दिसू लागलं. याचं कारण साधं होतं. पाण्यात घाण असली की हे औषध तिच्यावर खर्च होतं, लाली जाते आणि तपकिरी डाग उरतो. गावाला त्याहून साधं कारण सुचलं. देवी रुसली होती. ती कुठं गेली हे शोधत लोक वाळूतून खाली निघाले, आणि खडकापलीकडच्या झऱ्यात कुंकू जसंच्या तसं होतं.

गाव खडकावर थबकला. देवी महारवाड्यात गेली होती.

दुपारपर्यंत पारावर खल झाला. शेवटी पाटलांनी निकाल दिला की देवी जिथं बसली ती जागा देवीची, आणि देवीची म्हणजे गावाची. ज्या पाण्याचा पिढ्यान् पिढ्या विटाळ होत होता, ते गोमूत्राच्या एका तांब्यानं तासाभरात पवित्र झालं. झऱ्याभोवती कर्दळीचे खुंट उभे राहिले. महारवाड्याला पाणी नको का, असं कुणीतरी विचारल्यावर गावानं मोठ्या मनानं आपला जुना झरा त्यांना देऊन टाकला.

मालक पडवीत बसून होते. गोमूत्राची बातमी मी सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. पण पहाटेचं जाणं त्यांनी थांबवलं नाही. सांगितलं तर लोक हेही पाणी सोडतील आणि पुन्हा बनाखाली जातील, म्हणून ते गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यांनी मला न विचारता दोनदा सांगितलं.

मग सोनाबाई आली. महारवाड्यातली ही म्हातारी दर आठवड्याला सरपणाची मोळी टाकायला येई. इतकं सरपण लागणारं घर गावात दुसरं नव्हतं. त्या दिवशी ती मोळी न आणताच अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"मालक, तुमी पान्यातलं जानता म्हनं. आमच्या झऱ्याला देवी आली न् आमालाच हाकललं. आसली कसली वं ही देवी?"

मालकांनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

"आन आमाला दिला त्यो गावाचा झरा. त्यो तर त्यांच्या बसायच्या जागंच्या बुडाला हाय. सुनंला सकाळधरनं जुलाब लागल्यात. उलट्याबी व्हाया लागल्या. पान्यातलं जानता तर सांगा, तिला आता कंचं पानी पाजू?"

मालक उठले. "देवी वगैरे काही नाही," ते म्हणाले. "देवी मी आहे."

सोनाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग हितं काय करता? जावा की, पाटलास्नी सांगा."

आधी ते तिच्या घरी गेले. उकळलेल्या पाण्याची कळशी मी उचलली होती. तांदळाची पातळ, खारट पेज कशी करायची आणि चमच्याचमच्यानं न थांबता कशी पाजायची, हे त्यांनी दारात ताठ उभं राहून सांगितलं, आणि ती मुलगी दोन घोट पोटात ठेवू शकते हे दिसेपर्यंत ते हलले नाहीत. गावातला कुणी उंबऱ्यापर्यंत आला म्हणून लोक दारादारांतून बघत होते. मालकांचं लक्ष फक्त तिच्या ओठांकडे होतं.

तिथून ते थेट पारावर आले. माणसं बसलेलीच होती.

"ते कुंकू नाही," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "विहिरीत टाकलं होतं तेच लाल औषध आहे. मी टाकलं."

पाटलांनी पान तोंडात तसंच धरलं. "कवा टाकलं?"

"पहाटे. रोज पहाटे टाकतो."

"कुनी सांगितलं हुतं टाकाया?"

"कुणी नाही. माझ्या मनात आलं."

पाटील लोकांकडे वळले. "मनात आलं म्हनत्यात." मग पुन्हा मालकांकडे. "मनात कोन आनतं वं, मालक?"

पारावर एक हुंकार उठला. पाटलांचा भाऊ हवालदार होता आणि रजेवर आला होता. तो मदतीला धावला. "दादा, खरं हाय त्यांचं. मिल्ट्रीत ह्येला पिंकी म्हंत्यात. भाज्या धुतो आमी त्यात."

"म्हंजे मिल्ट्रीतबी देवी पोचली म्हनायची," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन्ही झऱ्यांत सारखंच टाकलं!" मालकांचा आवाज चढला. "तुमच्या झऱ्यात रंग टिकला नाही, कारण त्याच्या डोक्यावर तुम्ही रोज सकाळी बसता. घाण असते तिथं हा रंग मरतो. खालच्या लोकांचं पाणी तुमच्यापेक्षा स्वच्छ होतं, आणि तेच तुम्ही काढून घेतलंत. तिथं एक पोरगी मरायला टेकली आहे. त्यांचा झरा त्यांना द्या."

मला वाटलं आता दगड येईल. पाटील मात्र हात जोडून म्हणाले, "घान आसंल तितं देवी ऱ्हात न्हाई. हेच तर आमी म्हनतोय. देवीनं तुमच्या हातनं कुकू टाकून घेतलं आन तुमच्याच तोंडानं आमची चूक दावली. आवं, किती भाग्यवान म्हनायचं तुमी!"

आणि ते पाया पडायला वाकले. त्यांच्यामागं सगळा पार उठला. मालक मागं सरता सरता वडाच्या बुंध्याला टेकले आणि आणखी मागं जायला जागा उरली नाही, तेव्हा ओरडले, "आधी हात धुवा!"

लोकांनी राख घेऊन हात धुतले आणि मग पाया पडले. जेवणाशी संबंध नसताना गावानं हात धुतल्याचा माझ्या माहितीतला हा पहिला प्रसंग. झऱ्याची गोष्ट तशीच राहिली. देवी तिथं बसलेली असताना झरा परत कसा देणार, असं पाटील अगदी अजीजीनं म्हणाले.

त्या संध्याकाळी मालकांनी चूल पेटवली नाही. रिकाम्या तपेल्यासमोर बसून राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "खरं सांगितलं. चारचौघांत सांगितलं. काही उतार पडला नाही. अशा वेळी काय करतात?"

"मला काय माहीत? तुमच्या प्रयोगशाळेत काय करायचे?"

त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. "मात्रा वाढवायचे," ते म्हणाले.

दुसऱ्या पहाटे मी त्यांच्याबरोबर गेलो. खालच्या झऱ्यात मी वाकून खडे मोजके टाकले, रंग दिसणार नाही इतकेच. गावाच्या जुन्या झऱ्यावर मालक उभे राहिले, डब्याचं झाकण काढलं आणि डबा उपडा केला. तळाशी चिकटलेलं निघावं म्हणून वरून दोन थापाही मारल्या. या वेळी हे नुसतं न सांगता औषध टाकणं नव्हतं. या वेळी त्यांनी गावात देवी आणली होती.

उजाडलं तेव्हा खालच्या झऱ्यात साधं पाणी होतं आणि गावाचा झरा जांभळाच्या रसासारखा झाला होता. दिवसभर घाणीनं रंगाशी झुंज दिली, पण रंग हटला नाही. देवी परत आली होती. मागच्या दिवशी गुरवानं केलेल्या अभिषेकाचा हा गुण, यावर दुमत नव्हतं. देवी उठून गेल्यामुळे खालच्या झऱ्याचा विटाळ त्याच सकाळी परत आला, आणि महारवाड्याला आपलं पाणी मिळालं. बाभळीच्या बनात त्यानंतर कुणी टमरेल घेऊन गेलं नाही. देवीच्या डोक्यावर बसायची कुणाची छाती नव्हती. सोनाबाईची सून उठून बसली. पटकी गावाला वळसा घालून पुढं गेली.

मालकांनी या सगळ्याबद्दल मला एकच वाक्य ऐकवलं. "मात्रा जास्त झाली," ते म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. ते पाणी घशाखाली उतरवताना तोंड आवळून येई, पण देवीचं म्हणून सगळा गाव ते सकाळ-संध्याकाळ पीत होता. त्या वैशाखात गावात लग्नं पुष्कळ झाली. आमच्या बाजूच्या सगळ्या वऱ्हाडाचे दात तपकिरी होते.